दोन हातमोज्यांचं गाऱ्हाणं

रोमन अवशेष बघताना चेहरा कसा ठेवावा, याचं प्रशिक्षण कुठेच मिळत नाही. समोर अर्धा खांब उभा असतो. उरलेला अर्धा शेजारी आडवा असतो. पाटी सांगते की इथे भव्य सभागृह होतं. आपण डोळे बारीक करतो, सभागृह दिसल्यासारखं दाखवतो, "हंऽऽ" म्हणतो आणि पुढच्या अर्ध्या खांबाकडे वळतो. रोमनांनी स्कॉटलंडच्या वेशीपासून सीरियाच्या वाळवंटापर्यंत इतकं बांधून ठेवलंय, आणि काळानं ते इतक्या एकसारख्या पद्धतीनं पाडलंय, की चार-दोन सभागृहं झाली की "हंऽऽ"मधला जोर ओसरतो आणि सावलीत बसण्याजोगा दगड कुठे आहे, इकडे लक्ष लागतं. त्या बाबतीत मात्र रोमनांनी पर्यटकांची उत्तम सोय केली आहे.

जिथे त्यांनी गरम पाण्याचा झरा गाठून त्यावर बांधकाम केलं, तिथला मामला वेगळा. छप्पर कोसळतं, सम्राट मरतात, त्यांची भाषासुद्धा मरते. पाणी मात्र ठरल्या तापमानाला वर येतच राहतं. साम्राज्य बुडाल्याचं त्याला कुणी कळवलेलंच नसतं. असं पाणी बघायला आम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या बाथ या गावी गेलो.

आम्ही म्हणजे माझा थोरला भाऊ अण्णा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. भाची ब्रिस्टलला नोकरी करते. तिथून बाथ आगगाडीनं पाव तासावर. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय, पण तो फक्त खात्यातून, पाण्यातून नाही. कुठलीही नदी दिसली की तो आधी तिचा विसर्ग विचारतो, मग नाव. वहिनींचं माहेर कुडाळजवळचं. त्या एरवी आमच्यासारखंच बोलतात. मनापासून राग आला किंवा आनंद झाला की मालवणीत जातात. त्यामुळे त्यांची मनःस्थिती ओळखायला घरात कुणाला त्रास पडत नाही.

पहिला खटका दारातच उडाला. वहिनींच्या पिशवीत टॉवेल होता, कोरडे कपडे होते, खोबरेल तेलाची लहान बाटली होती. गरम पाण्याचा झरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर वज्रेश्वरी येते, अकलोली येते, राजापूर, उन्हवरे येतं. तिथे माणूस बघायला जात नाही, उतरायला जातो. आणि इथे पाटी होती: पाण्याला हात लावू नका.

"गरम पाणी आहे, कुंड आहे, देवी आहे, आणि आंघोळ नाही?" वहिनींनी भाचीला विचारलं.

भाचीनं कारण सांगितलं. या झऱ्यांचं पाणी येणाऱ्या तलावात पोहलेल्या एका मुलीचा १९७८ साली अमीबाच्या संसर्गानं मृत्यू झाला आणि तेव्हापासून सार्वजनिक स्नान बंद झालं. पुढे भोकं पाडून खोलवरचं स्वच्छ पाणी वर आणलं, आणि २००६पासून जवळच्याच नव्या इमारतीत लोक त्यात डुंबतातही. पण या जुन्या कुंडात नाही. वहिनी गप्प झाल्या. पिशवी मात्र त्यांनी खाली ठेवली नाही. नियम बदलायला कितीसा वेळ लागतो, असा एकूण भाव होता.

तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक यंत्र मिळतं. आकडा दाबला की ते समोरच्या वस्तूची माहिती कानात सांगतं. सोय उत्तमच आहे. फक्त त्यामुळे शंभर-दीडशे माणसं कानाला यंत्र लावून, एकमेकांशी एक अक्षर न बोलता, त्याच त्या दगडाभोवती फिरताना दिसतात. कुणी मध्येच हसतं, कुणी मान डोलावतं. अण्णाचा आकडा आमच्या आकड्याच्या नेहमी दोन पावलं मागे असे. आम्ही देवळाच्या गोष्टीत असताना तो अजून गटारात असायचा. त्याला विचाराल तर तो योग्य ठिकाणी होता आणि आम्ही घाई करत होतो.

सुरुवात वरच्या गच्चीवरून होते. खाली मोठं कुंड, त्यातून वाफा आणि कठड्यावर ओळीनं रोमन सम्राट आणि सुभेदार यांचे पुतळे. सगळी गर्दी तिथेच. ज्युलियस सीझरच्या बाजूला उभं राहून फोटो काढायला एक अघोषित रांगच होती. हे सगळे पुतळे १८९४ साली घडवलेले आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात. खालच्या खांबांचंही तेच. पायथे रोमन, वरचं काम एकोणिसाव्या शतकातलं. मुळात हे कुंडच १८८०च्या सुमाराला पुन्हा उजेडात आलं. आणि सीझर? तो ब्रिटनला आला इसवी सनापूर्वी ५५ आणि ५४ साली. आग्नेयेच्या किनाऱ्याकडून आला आणि तिकडूनच परत गेला. इथली बांधकामं सुरू झाली त्यानंतर शंभरेक वर्षांनी. ज्याच्या शेजारी सगळे फोटो काढत होते, त्यानं हे गाव पाहिलेलंही नव्हतं. उद्घाटनाचं श्रेय भलत्यालाच जायची पद्धत बरीच जुनी दिसते.

पाण्याच्या हिरव्या रंगाचंही असंच. फोटोंमध्ये जो हिरवा रंग फार प्राचीन आणि गूढ दिसतो, तो शेवाळाचा आहे. रोमनांच्या काळी या कुंडावर उंच कमानदार छप्पर होतं, ऊन पडत नव्हतं, म्हणून शेवाळही नव्हतं. पाणी हिरवं झालं ते छप्पर गेल्यावर. म्हणजे गूढता ही दुरुस्ती न केल्यामुळे आलेली आहे. हे ऐकून अण्णाला आपल्या खात्याची आठवण झाली असावी, कारण तो पहिल्यांदाच हसला.

मग त्यानं यंत्राला विसर्ग विचारला. यंत्रानं सांगितलं: दिवसाला ११ लाख ७० हजार लिटर, तापमान ४६ अंश. अण्णानं मोबाइलवर भागाकार केला. "सेकंदाला साडेतेरा लिटर. अर्धा क्युसेकसुद्धा नाही," तो म्हणाला, आणि क्षणभर अख्ख्या रोमन साम्राज्याबद्दलचं त्याचं मत खाली आलं. पण पुढची माहिती ऐकता ऐकता ते पुन्हा चढू लागलं. मेंडिपच्या टेकड्यांवर फार पूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या भेगांतून जमिनीत काही किलोमीटर खोल उतरतो, तिथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतो आणि दाबामुळे फटींतून इथे वर येतो, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. रोमनांनी झऱ्याभोवती ओकचे खांब ठोकून, शिशानं मढवलेलं टाकं बांधलं. कुंडाच्या तळाशी शिशाचे ४५ पत्रे घातले. जास्तीच्या पाण्यासाठी सांडवा ठेवला. आणि सांडव्याचं पाणी ज्या गटारातून एव्हन नदीकडे जातं, त्या रोमन गटाराचा काही भाग आजही वापरात आहे.

"आजही?" अण्णानं यंत्र कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "गळती किती?"

यंत्राकडे त्याचं उत्तर नव्हतं. अण्णा सांडव्यापाशी जाऊन उभा राहिला. तांबूस झालेल्या दगडावरून वाफाळतं पाणी खळाळत पडत होतं. दोन हजार वर्षांत एक आवर्तन चुकलेलं नाही, आणि टेलपर्यंत पाणी पोचतंय. आयुष्यभर टेलच्या शेतकऱ्यांची निवेदनं स्वीकारलेल्या माणसाला हे दृश्य सहन होणं कठीण होतं. आम्ही त्याला तिथेच सोडून पुढे गेलो.

वहिनींना पाऊस, चुनखडी वगैरे काही पटलं नाही. एवढं गरम पाणी येतं म्हणजे काहीतरी घडलेलं असणार. तशी कथाही आहे, आणि ती भाचीनं सांगितली. ब्लाडुड नावाचा राजपुत्र होता. त्याला कुष्ठरोग झाला म्हणून घरातून बाहेर काढलं, आणि तो डुकरं राखू लागला. डुकरांनाही त्याच्यामुळे तोच रोग झाला. एका थंडीत ती इथल्या गरम चिखलात लोळली आणि बरी झाली. मग राजपुत्रही लोळला. बरा होऊन राजा झाला आणि त्यानं हे गाव वसवलं. पुढे स्वतः पंख तयार करून उडायला गेला आणि पडून मेला.

"मुलंबाळं?" वहिनी.

"एक मुलगा. लिअर. किंग लिअर."

म्हणजे शिरवाडकरांनी ज्या लिअरवरून प्रेरणा घेऊन 'नटसम्राट' लिहिलं, त्या लिअरचे हे तीर्थरूप. त्या नाटकातल्या बेलवलकरांचे आजोबाच म्हणायचे. घर सोडावं लागणं त्या घराण्यात वडिलोपार्जित होतं तर! वहिनींना एवढा पुरावा पुरला. झऱ्याचा शोध डुकरांनी लावला, हेही त्यांनी सहज मान्य केलं. शोध कुणीही लावला तरी नाव मालकाचंच लागतं, एवढाच शेरा त्यांनी मारला.

गच्चीवरून खाली उतरलं की देवळाचे अवशेष. इथे रोमन येण्याआधीपासून स्थानिक लोकांची सुलिस नावाची देवी होती. रोमनांनी ती हटवली नाही. तिला आपल्या मिनर्व्हाशी जोडलं आणि 'सुलिस मिनर्व्हा' असं जोडनाव दिलं. सरकार बदललं, जमीन महसूल नव्या सरकारकडे गेला, तरी कुलदैवत तेच, ही व्यवस्था आपल्याला समजायला अवघड नाही. देवळाच्या दर्शनी त्रिकोणावर एक मोठा दगडी चेहरा कोरलेला आहे. १७९० साली जवळच्या इमारतीचा पाया खणताना तो सापडला. केसांत साप आहेत, म्हणून विद्वान त्याला गॉर्गन म्हणतात. म्हणजे ती राक्षसीण, जिच्याकडे पाहिलं की माणसाचा दगड होतो. वहिनींनी नीट निरखून पाहिलं.

"हिला मिशी आहे."

आहे खरी, चांगली भरघोस. त्या मिशीवरून विद्वानांमध्येही बरेच वाद आहेत; कुणी त्याला समुद्रदेव म्हणतं, कुणी आणखी काही. पण निष्कर्षाला पोचायला वहिनींना फार वेळ लागला नाही. कारागीर स्थानिक होता, गॉर्गन त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि वरून साहेबाचा हुकूम आला होता.

कारागिरांचा आणखी एक नमुना पुढे आहे. लुशियस मार्सियस मेमोर नावाच्या माणसानं देवीला पुतळा वाहिला. पुतळा गेला, चौथरा राहिला. हा मेमोर बळी दिलेल्या जनावराची आतडी-काळीज बघून भविष्य सांगणारा, म्हणजे 'हारुस्पेक्स' होता. चौथऱ्यावर त्याच्या हुद्द्याचं लघुरूप म्हणून आधी 'हार' एवढीच अक्षरं नीट मधोमध कोरली आहेत. मग कुणाला तरी वाटलं असावं की एवढ्यानं लोकांना कळणार नाही. म्हणून उजवीकडे, तोल घालवून, 'उस्प' ही अक्षरं मागाहून घातली आहेत. दुकानाच्या पाटीवर शेवटची दोन अक्षरं कोपऱ्यात कोंबणाऱ्या रंगाऱ्यांना आपण उगाच नावं ठेवतो. त्यांच्या परंपरेला साम्राज्याची मान्यता आहे.

वेद्याही आहेत. ऑफिडियस मॅक्सिमस नावाचा सहाव्या पलटणीतला शंभर जणांचा नायक होता. त्याच्या क्षेमासाठी त्यानं मुक्त केलेल्या एका गुलामानं देवीपुढे वेदी उभारली. आणि त्यानंच मुक्त केलेल्या दुसऱ्या गुलामानं, त्याच माणसाच्या क्षेमासाठी, दुसरी वेदी उभारली. दोन्हींच्या शेवटी चार अक्षरांचा ठरीव शिक्का आहे. अर्थ असा की बोललेला नवस आनंदानं आणि रीतीप्रमाणे फेडला. वसईच्या मोहिमेआधी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला आणि १७३९ साली किल्ला घेतल्यावर देऊळ बांधून फेडला, असं आपल्याकडे सांगतात. गरम पाण्याच्या देवीशी व्यवहार चोख ठेवावा, हे दोन्हीकडे ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की मालक एक, देवी एक, मागणं एक. मग दोघांनी मिळून एकच वेदी का बांधली नाही? वहिनी म्हणाल्या, "भावकी."

इथवर मी प्रत्येक ठिकाणी "हंऽऽ" म्हणत होते. पुढच्या काचेच्या कपाटापाशी ते बंद झालं.

१९७९-८०मध्ये बॅरी कन्लिफ यांच्या चमूनं झऱ्याच्या तळाचा गाळ उपसला. झऱ्यातून बारा हजारांवर रोमन नाणी मिळाली आहेत. भांडी निघाली, आणि शिशा-कथलाच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळ्याही निघाल्या. हाताच्या पंजात मावतील एवढ्या. आतापर्यंत सुमारे १३० मिळाल्या आहेत. त्यांच्यावर टोकदार लेखणीनं काहीतरी खरडलेलं. काहींत तर मुद्दाम उलट्या क्रमानं लिहिलेलं. रॉजर टॉमलिन यांनी ती अक्षरं लावली आणि १९८८ साली वाचन प्रसिद्ध केलं. आता २०१४पासून त्या गुंडाळ्या युनेस्कोच्या जागतिक स्मृतींच्या ब्रिटिश यादीत आहेत. त्या वाचायच्या आधी माणसाला वाटतं की यांत साम्राज्याच्या सीमेवरच्या लोकांचं अध्यात्म असेल, युद्धाची भीती असेल, निदान पिकापाण्याची चिंता तरी असेल.

यांत आहेत चोरीच्या तक्रारी.

डोसिमेडिसचे दोन हातमोजे गेले. बॅसिलियाची चांदीची अंगठी गेली. कुणाचा लोखंडी तवा, कुणाचा नांगराचा फाळ. डोसिलियानसचा टोपीवाला अंगरखा गेला. आणि सगळ्यात जास्त म्हणजे आंघोळीला उतरताना काठावर ठेवलेले कपडे गेले. पोलीस ठाणं नसल्यामुळे, किंवा असूनही उपयोग नसल्यामुळे, लोकांनी पत्र्यावर तक्रार लिहिली, गुंडाळी केली आणि थेट देवीच्या पाण्यात टाकली. शिक्षाही सुचवली. डोसिमेडिसचं म्हणणं असं की ज्यानं हातमोजे नेले, त्याची मती जावी आणि डोळे जावेत, तेही देवीच्या देवळातच. डोसिलियानसनं मागितलं की अंगरखा परत येईपर्यंत चोराला झोप नको आणि पोरंबाळं नकोत.

वहिनींनी काचेला नाक लावलं. भाची भाषांतराची पाटी वाचून दाखवत होती: पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा मुक्त, मुलगा असो वा मुलगी...

"गो बाय माझे!" वहिनी म्हणाल्या. "ह्यां तर गाऱ्हाणां!"

ज्यांनी कोकणातल्या देवळात गुरवाचं किंवा मानकऱ्याचं गाऱ्हाणं ऐकलंय, त्यांना पुढचं सांगायला नको. देवाला मोघम बोललेलं चालत नाही. चुकून एखादी शक्यता राहिली, तर आरोपी तेवढ्या फटीतून सुटतो. म्हणून सगळ्या शक्यता एका दमात मोजायच्या, आणि दर वाक्याला गावानं होकार भरायचा. वहिनींनी पिशवी खाली ठेवली. अर्ध्या आवाजात, पण लय न सोडता, त्यांनी सुरू केलं:

"बा माये सुलिसबाये, आज ह्या तुझ्या उन-उन पाण्याच्या काठार उभ्या रवान लेकरू गाऱ्हाणां घालता. ज्या कोणी ह्येचे दोन हातमोजे चोरल्यान, तो बापयो असांदे नायतर बायल, झील असांदे नायतर चेडू, धनी असांदे नायतर चाकर, तेची मती फिरांदे, तेचे डोळे जांवदेत..."

"व्हय म्हाराजा!" मी म्हणाले. आपोआपच आलं ते. शेजारचं एक इंग्रज जोडपं कानाची यंत्रं काढून ऐकायला लागलं. हा कार्यक्रमाचाच भाग आहे, असा त्यांचा समज झाला असावा, कारण संपल्यावर त्यांनी हळूच टाळ्या वाजवल्या. भाची तोवर लांबच्या एका वेदीचा फार बारकाईनं अभ्यास करत होती.

यातला कायदेशीर भाग तर त्याहून सुंदर आहे. अॅनियानस नावाच्या माणसाची पैशाच्या पिशवीतली सहा चांदीची नाणी गेली. त्यानं देवीला सांगितलं की ती चोराकडून वसूल करणं तुझं काम. इतर काही तक्रारदारांनी तर गेलेली वस्तूच देवीला अर्पण केली. म्हणजे चोरी झालेली वस्तू देवीच्या नावावर करून टाकायची. मग चोरानं माझं नेलेलं नसून देवीचं नेलेलं असतं. बुडीत कर्ज दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ही युक्ती बँकांना फार उशिरा सुचली. शिवाय अॅनियानसनं काहीच नशिबावर सोडलं नाही. चोर जुन्या देवांना मानणारा असो वा ख्रिस्ती, अशी नवी पुरवणी जोडली, आणि वर अठरा संशयितांची नावं दिली. अठरा! सहा नाण्यांसाठी अठरा माणसं म्हणजे नाण्यामागे तीन. त्या यादीत पुरुष आहेत, बायका आहेत; ओळखीपाळखीतलं कुणी वगळलेलं दिसत नाही. नाणी मिळाली की नाही, ते गाळात लिहिलेलं नाही. पण अॅनियानसला त्या रात्री झोप चांगली लागली असणार.

मला बाथ समजलं ते या कपाटापाशी. वरच्या गच्चीवर सम्राट होते, आणि ते नकली निघाले. ज्यांनी रस्ते बांधले, पलटणी हलवल्या, ते सगळे मोठे लोक इथून निघून गेले आणि त्यांच्या जागी नंतरच्या लोकांनी पुतळे बसवले. अस्सल, हाताळलेलं, जिवंत जे उरलं ते गाळात उरलं, आणि ते म्हणजे हातमोजे, तवा, अंगरखा. माणूस दगडावर आपला मोठेपणा कोरतो आणि शिशावर आपला राग. दगड फुटतो. राग शाबूत राहतो, चांगला दीड हजारांहून जास्त वर्षं टिकतो, आणि वर युनेस्को त्याची काळजी घेते.

हे डोक्यात ठेवून मोठ्या कुंडाकाठी गेलं की ते वेगळं दिसतं. काठ कित्येक पावलांनी झिजलेला आहे, आणि त्यातली काही पावलं नक्की चोरांची होती. रोमन आंघोळ हा एकट्यानं उरकायचा प्रकार नव्हता. कपडे काढायची खोली वेगळी, कोमट खोली वेगळी, गरम वेगळी, थंड वेगळी. साबण नाही. अंगाला तेल चोपडायचं, घाम काढायचा आणि धातूच्या वाकड्या पट्टीनं तेल-मळ खरवडून काढायचा. तत्त्वज्ञ सेनेका एकदा अशाच एका स्नानगृहाच्या वर राहत होता, आणि त्यानं पत्रात त्या आवाजांची यादी दिलीय: वजनं उचलणाऱ्यांचं कण्हणं, मालिशवाल्याच्या थापा, पाण्यात धपकन उड्या मारणारे, काखेतले केस उपटणाऱ्याची आरोळी, मग ज्याचे उपटले त्याची, आणि वर खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या हाका. स्थितप्रज्ञ राहायला हवं, असं सांगण्यासाठी त्यानं हे लिहिलं. यादीतला तपशील पाहता ते त्याला फारसं जमलं नसावं.

पाठ खरवडायची तर दुसरा माणूस लागतो. सम्राट हेड्रियनची एक गोष्ट सांगतात. (हा मात्र ब्रिटनला १२२ साली खरोखर आला होता.) स्नानगृहात त्याला एक म्हातारा शिपाई भिंतीला पाठ घासताना दिसला. चौकशी केली तर गुलाम परवडत नाही म्हणाला. सम्राटानं त्याला गुलाम दिले, त्यांच्या खर्चाची सोयही केली. पुढच्या वेळी सम्राट आला तर भिंतीला ओळीनं म्हातारे पाठ घासत उभे! हेड्रियननं त्यांना सांगितलं, एकमेकांची घासा. सरकारी योजनेचे लाभार्थी कसे वाढतात आणि योजना कशी बंद होते, याचं एवढं सुटसुटीत वर्णन अण्णानं नोकरीतसुद्धा वाचलं नव्हतं. तो तोवर सांडव्यावरून परतला होता आणि शर्टाच्या बाह्या ओल्या दिसत होत्या. आम्ही विचारलं नाही.

पुढे जमीन तापवण्याची व्यवस्था आहे. फरशीखाली विटांचे बुटके खांब, मधून पोकळी, एका बाजूला भट्टी. गरम हवा त्या पोकळीतून आणि भिंतींमधल्या पोकळ विटांतून फिरायची. वहिनी ते खांब बघत राहिल्या.

"सासूबाईंचा बंब," त्या म्हणाल्या.

अण्णानं ताबडतोब दुसरीकडे पाहिलं. तो विषय घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या आईचा तांब्याचा बंब. गावच्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा चुलत भावाकडे लग्न होतं म्हणून तो चार दिवसांसाठी तिकडे गेला. लग्न झालं, त्या लग्नातल्या नवरानवरीची मुलं आता कॉलेजात आहेत. बंब चिंचेनं लख्ख घासून आमच्या चुलत वहिनींच्या दिवाणखान्यात ठेवलाय. त्यात मनीप्लँट आहे. दर दिवाळीला वहिनी तिथे जातात, चहा पितात आणि मनीप्लँटकडे बघतात.

शेवटी एक गोल कुंड लागतं, थंड पाण्याचं. त्याच्या तळाशी पर्यटकांनी टाकलेली नाणी चमकत असतात. त्यानंतर झऱ्याचं पाणी चाखायला मिळतं. त्यात ४३ खनिजं आहेत म्हणे. चव अशी की ती सगळी एकदमच तोंडात आल्यासारखं वाटतं. अठराव्या शतकात मोठमोठे लोक संधिवातासाठी ते पेल्यामागून पेले पीत. अण्णानं एक घोट घेतला आणि "लोह जास्त आहे" असा अहवाल दिला. पण वहिनी चाखायला आल्याच नाहीत. त्या गोल कुंडापाशी मागे राहिल्या होत्या.

आम्ही परत गेलो तेव्हा त्यांच्या हातात दोन रुपयांचं नाणं होतं. परदेशी चलन त्यांनी मुद्दाम टाळलं होतं. आपलं गाऱ्हाणं, आपलं नाणं. पदर सारखा करून त्या पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"सुलिसबाये, माझ्या सासूचो तांब्याचो बंब मी तुका दिलंय. आजपासून तो तुझो. आता तूच वसूल कर. ज्या कोणी तो दिवाणखान्यात मांडल्यान..."

"अगं, नाव कशाला घेतेस!" अण्णा कळवळला.

"नाव खंय घेतलंय? बायल असांदे नायतर बापयो, असांच म्हणतंय." नाणं पाण्यात पडलं. "तेची मती जांवदे, तेचे डोळे..."

"डोळे नको! ती माझी चुलत वहिनी आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तिचं आत्ताच."

वहिनी थांबल्या. त्यांनी मुद्दा नीट विचारात घेतला.

"बरां, डोळे रवांदेत," त्या देवीला म्हणाल्या. "डोळे गेले तर बंब हुडकून परत कसो देतली?"

मतीच्या बाबतीत त्यांनी कोणतीही सवलत दिली नाही.